दगडी छपरांचं गाव

शिरवळच्या ज्या कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते, तिथे इटलीहून एक नवं यंत्र यायचं होतं. गिअरचे दाते मोजणारं. ते शिकायला एकाला दहा आठवडे तिकडे पाठवायचं ठरलं आणि माझी निवड झाली. आनंद झाला, पण घरी सांगायला मी आठवडा लावला. कारण आबा.

माझे वडील तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, आणि तीन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. आई आणि भावाबरोबर ते कडेगावजवळच्या वसाहतीत राहत. मी सुट्टीला एसटीनं जायची. कधी मला ओळखायचे, कधी त्यांची धाकटी बहीण समजून बोलायचे. ती आत्या मी पाहिलेलीसुद्धा नाही, ती सात वर्षांची असताना तापानं गेली. आबा मला विचारायचे, गुरं पाण्यावर नेलीस का. सुरुवातीला मी समजावून सांगायची की मी आत्या नाही. मग ते घाबरायचे, म्हणून पुढे मी नुसतं हो म्हणायला लागले.

ती गुरं, ते पाणी कडेगावचं नव्हतं. आमचं मूळ गाव कोयनेच्या जलाशयाच्या वर, डोंगराच्या उतारावर होतं. वीस-बावीस घरं. मी नऊ वर्षांची असताना जंगल राखायचं म्हणून गाव उठलं. लोकांनी वासे, कौलं, दारं, चौकटी उचकटून ट्रकात भरल्या. दगड तेवढे जागेवर राहिले. आबा डोंगरात दगडाचंच काम करायचे. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून चुन्या-सिमेंटाशिवाय दगडावर दगड रचून जी भिंत घालतात, तिला आमच्याकडे ताल म्हणतात. पंचक्रोशीतल्या निम्म्या ताली आबांच्या हातच्या होत्या. कडेगावला आलो तर सगळी सपाट काळी रानं आणि ऊस. आबा उसाला पाणी द्यायला शिकले, चांगलं शिकले. पण बांधावर बसले की हातात एखादा खडा घेऊन तो फिरवत राहायचे.

मी जाते म्हटल्यावर आई म्हणाली, "जा. त्यांना तू हितं हाईस काय आन् तिकडं हाईस काय, सारखंच." ती हे कडवटपणे म्हणाली नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

इटलीतला कारखाना दरीच्या तळाशी होता. खालच्या गावात त्या महिन्यांत खोली मिळेना, म्हणून कारखान्यातल्या एकीनं मला वरच्या गावातल्या एका बाईंकडे जागा बघून दिली. बस अर्धा तास वळणं घेत चढायची आणि एका चौकात मला सोडून रिकामी परत जायची. पहिल्या संध्याकाळी मी बॅग घेऊन त्या चौकात उभी राहिले आणि वर बघितलं. आख्खं गाव दगडाचं होतं. भिंती दगडाच्या, पायऱ्या दगडाच्या, आणि छपरांवर कौलांच्या जागी पाटाएवढ्या दगडी फरश्या एकीवर एक चढवलेल्या. एका घराचं छप्पर दुसऱ्याच्या अंगणाच्या पातळीला. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागाव्यात, आणि वर जागोजागी दोन घरांच्या मध्ये कमानी. एक घर ढासळायला लागलं तर समोरच्यानं त्याला सावरावं म्हणून त्या घातलेल्या, हे मला नंतर कळलं.

आमचं गाव काही असं नव्हतं. आमचा दगड काळा, हा करडा. आमची घरं बुटकी, ही तीन-तीन मजली. तरी उतारावर घर कसं बसतं, त्याचं मागचं दार वरच्या वाटेला आणि पुढचं खालच्या वाटेला कसं लागतं, हे माझ्या पायांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या बोळातून उतरताना मी खाली न बघता पायरी घेतली, आणि पायरी तिथेच होती.

घरमालकीण ऐंशीच्या पुढची होती. ठेंगणी, ताठ, कमरेला निळा अ‍ॅप्रन. गावातले लोक तिला मावशी-आत्यासाठी त्यांच्यात जो शब्द आहे त्यानं हाक मारत, म्हणून मीही तिला मनात मावशी म्हणू लागले. आमचं बोलणं फोनवरच्या भाषांतरातून चालायचं. ती बोलायची, फोन मराठीतून काहीतरी मोडकंतोडकं म्हणायचा, आणि आम्ही त्यातून अर्थ काढायचो. तिच्याकडून समजलं की एकेकाळी शेकड्यानं माणसं असलेल्या त्या गावात आता थंडीत नऊ जण राहतात. बाकीची घरं बंद. कुणी खालच्या शहरात गेलं, कुणी परदेशात, बरीचशी मागच्या टेकडावरच्या दफनभूमीत.

बंद घरांपैकी अकरा घरांच्या किल्ल्या मावशीकडे होत्या. दर रविवारी सकाळी ती लोखंडी कडीत ओवलेला तो जुडगा घेऊन निघायची आणि एकेक घर उघडून खिडक्यांच्या लाकडी झडपा ढकलायची. दगडाच्या घराला वारा लागला नाही तर ते आतून घाम धरतं, मग तुळया कुजतात, असं ती म्हणाली. पहिल्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले. तिनं पहिलं कुलूप काढलं, दार लोटलं, आणि उंबऱ्याबाहेर थांबून आतल्या अंधाराला म्हणाली, "पर्मेस्सो?" आणि थांबली. पाच-सहा श्वास होतील इतकी. मग आत गेली.

मला वाटलं आत कुणीतरी आहे. कुणी नव्हतं. गादीशिवायची खाट, चुलखंडावर भांडं टांगायची, काळी पडलेली साखळी, भिंतीतल्या कोनाड्यात मेरीची बोटभर मूर्ती. दुसऱ्या घरीही तसंच. बाहेर थांबणं, विचारणं, वाट बघणं. मी फोन पुढे केला आणि त्या शब्दाचा अर्थ विचारला. फोन म्हणाला, "परवानगी आहे?" घरात कुणी नसताना ती कुणाची परवानगी घेते, हे मी विचारलं नाही. पाचव्या-सहाव्या घरापर्यंत मीही तिच्यामागे श्वास रोखून थांबायला लागले होते. प्रत्येक घराची शांतता वेगळी होती. एका घरात शिरताना मावशी थोडी जास्त थांबली, मान हलवली, आणि दार तसंच ओढून घेऊन कुलूप लावलं. त्या दिवशी ते घर उघडलं नाही.

पुढच्या रविवारी मी चालता चालता घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार झालेली. आई फोन धरून आबांसमोर बसली होती. मला आबांना फक्त बरं वाटेल असं काही दाखवायचं होतं, म्हणून मी कॅमेरा गल्लीकडे फिरवला.

आबा एकदम पुढे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ते बघत होते, नुसते डोळे उघडे नव्हते. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. हे गुरवाचं घर. ह्याच्या वर सुताराचं. सुताराचं दार का बंद? छपरावर दगड कुणी चढवला, वासे तेवढ्या ताकदीचे आहेत का? मी आईकडे बघितलं. आई पडद्याच्या कडेला, पदर तोंडाशी धरून. आबा इटलीतल्या एकेका घरावर आमच्या गावातलं एकेक माणूस बसवत चालले होते, आणि त्यातलं एकही माणूस आता जिवंत नव्हतं.

मावशीनं आवाज ऐकून मागे वळून बघितलं. मी खुणेनं सांगितलं, माझे वडील. तिनं अ‍ॅप्रनला हात पुसले, फोन माझ्याकडून घेतला आणि त्यांच्याशी तिच्या बोलीत बोलू लागली. आबा मराठीत उत्तरं देऊ लागले. भाषांतर मध्ये नव्हतंच. ती एक दार दाखवून काही म्हणायची, आबा म्हणायचे, "व्हय, त्येच ते." ती हसायची. अकराही घरं त्यांनी अशी मिळून पाहिली. मी मागे मागे चालत होते, आणि माझी कुणालाच गरज नव्हती.

फेरी संपली की मावशी चर्चसमोरच्या चौकात एका बाकावर बसायची. चौक म्हणजे उतारावर सपाट केलेली जागा, आणि बाकामागे वरच्या अंगणाला तोलून धरणारी दोन पुरुष उंचीची दगडी ताल. ऊन तिथेच पहिल्यांदा यायचं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ती तिथे बसली आणि मी तिच्या शेजारी, फोन समोर धरून. आबांची नजर आमच्यावर नव्हती. ते आमच्या मागे बघत होते.

"ह्या तालीचं पोट सुटलंय," ते म्हणाले. आवाज त्यांचा जुना, कामावरचा. "मागं पानी तुंबलंय. तुझ्या आईला उठीव तिथनं."

आई त्यांच्या शेजारीच होती. त्यांना म्हणायचं होतं मावशीला. मी म्हटलं, उठवते. ते चिडले. "आत्ता उठीव. बाक बी हलीव."

मी उठून भिंतीला तळहात लावला. लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं, डोळ्यानं कळत नाही, हातानं कळतं. मधल्या उंचीवर भिंत वीतभर बाहेर आली होती. खाली पायाशी दगडाचा ताजा चुरा होता, आणि चार दिवस पाऊस नसताना एका फटीतून पाणी पाझरत होतं. मी मावशीला फोनवरून सांगितलं. तिनं हात झटकला. ही भिंत तिच्या जन्माआधीपासून आहे, अशीच आहे, असं तिचं म्हणणं. पण मी ऐकेना तेव्हा कुरकुरत का होईना, तिनं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघींनी तो लाकडी बाक ओढत चौकाच्या पलीकडच्या टोकाला नेला. तिथे ऊन उशिरा यायचं. तिला ते अजिबात आवडलं नाही.

मग चार दिवस पाऊस लागला. पाचव्या दिवशी उघडलं. मी दुपारच्या बसनं वर आले तर चौकात नऊच्या नऊ माणसं उभी होती. ताल कोसळली होती. बाक जिथे असायचा तिथे कमरेपर्यंत दगड आणि चिखल. मावशी किल्ल्या हातात घेऊन उभी होती, आणि मला बघून जवळ आली नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझी भीती वाटली. ताल कोसळली नेमकी त्या वेळी ती, ऊन पडलं म्हणून, पलीकडच्या टोकाला हलवलेल्या बाकावर बसली होती, हे एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं मला हातवाऱ्यांनी सांगितलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं स्वतःहून फोन मागितला आणि बराच वेळ बोलली. फोननं जे सांगितलं त्यावरून मला कळलं ते असं. तिचा नवरा भिंती बांधायचा. त्या तालीचं तो दर शरद ऋतूत काहीतरी डागडुजी करायचा आणि दरवर्षी तिला म्हणायचा, तिथे बसू नकोस, हिचं पोट सुटतंय. तो जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर भिंतीला कुणी हात लावला नाही, आणि ती हट्टानं तिथेच बसत राहिली, कारण तिथे बसलं की त्याचं बोलणं कानात यायचं. मग तिनं मला विचारलं, "तुझा बाप काय म्हणाला, ते पुन्हा सांग. नेमके शब्द."

मी सांगितले. तिनं ते मराठी शब्द दोन-तीनदा माझ्याकडून म्हणवून घेतले. शेवटी फोन म्हणाला, "तो माझ्याशी कधी गोड बोलला नाही. असाच ओरडायचा." ती रडत नव्हती. तिनं सूप वाढलं आणि आम्ही जेवलो.

मी आबांना ताल पडल्याचं सांगितलं, तर ते म्हणाले, "मी कवा सांगितलं?" त्यांना काही आठवत नव्हतं.

राहिलेल्या प्रत्येक रविवारी मावशी वेळेआधीच किल्ल्या घेऊन दारात थांबायची. फोन तीच धरायची. उंबऱ्यावर थांबून विचारायची, आणि आता फोनमधून आबा उत्तर द्यायचे, "या की." मग ती आत जायची. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नंतर सवय झाली असं मी म्हणू शकत नाही. एकदा तिचा गुडघा दुखत होता म्हणून तिनं मला एकटीला पाठवलं. वरच्या टोकाच्या घरासमोर मी कुलूप काढून उभी राहिले आणि माझ्याही नकळत मराठीत विचारलं, येऊ का? आतून काही आलं नाही. पण नाहीच, असंही मला वाटलं नाही. मी झडपा न उघडता परत आले आणि मावशीला खोटं सांगितलं. निघायच्या आदल्या रविवारी मी पूर्ण फेरीचा व्हिडिओ काढून ठेवला, पहिल्या दारापासून शेवटच्या कुलपापर्यंत.

मी परत आले तोवर आबांनी घरी एकच लकडा लावला होता, मला गावाला न्या. शुद्धीत असताना त्यांनीच वर्षानुवर्षं टाळलेलं ते आम्ही जानेवारीत केलं. भावानं जंगलखात्याच्या चौकीवर परवानगी काढली. गाडीनं जाता येईल तिथपर्यंत गेलो, पुढे लाँचनं पाणी ओलांडलं, आणि मग दोन तास चढ. आबांची मती गेली होती, पाय नव्हते गेले. ते आमच्या पुढे होते.

गाव म्हणजे गवतात बुडालेली जोती. छप्पर नाही, दार नाही. आमच्या घराच्या मधोमध एक ऐनाचं झाड माझ्या दोन्ही हातांत मावणार नाही एवढं झालेलं. आई सरळ चालत एका कोपऱ्यात गेली, वाकली, गवत बाजूला केलं. चुलीचे तीन दगड होते तसे होते. ती त्यांच्याशेजारी टेकली आणि पदरानं एकेक दगड पुसू लागली.

आबा वाटेवरच उभे होते. मी त्यांना हात धरून जोत्यावर आणलं.

"हे कुनाचं?" त्यांनी विचारलं.

"आपलं, आबा. आपलं घर."

"आपल्या घराला दार हाय."

मी म्हटलं, दार आपण कडेगावला नेलं, तिकडे बसवलंय, तुम्हीच बसवलंत. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "खुळी का काय तू. परवाच त्या बाईनं उघडलं की. मी या म्हनलो, ती आत गेली." मग ते भावाकडे वळले आणि अगदी नम्रपणे, परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "आवं, आमास्नी आमच्या गावाला न्या. ही कुनाची तरी मोडकी घरं हायेत. हितं थांबायचं बरं न्हवं."

ते जोत्यावरून उतरले. त्यांनी स्वतःच्या हातानं रचलेल्या तालींमधून, एकीलाही हात न लावता, ते खाली चालू लागले. भाऊ त्यांच्यामागे धावला. मला वाटलं हे माझ्यामुळे झालं. मी ती इटलीतली घरं त्यांना दाखवली नसती, तर निदान हे गाव तरी त्यांच्याकडे उरलं असतं. मी आईला तसं म्हटलं.

आई चुलीपासून उठली नाही. "त्यांचं त्यांच्याकडं राहू दे," ती म्हणाली. "मी सत्तावीस वर्सं हितं यायचं म्हनत हुते. त्यांनी कवा आनलं न्हाई. आज आले." थोड्या वेळानं तिनं तीनपैकी सर्वांत लहान दगड उचलून बघितला, आणि जड लागला म्हणून पुन्हा जागेवर ठेवला.

पुढे काही महिने रविवारचे फोन चालू राहिले. मावशी किल्ल्या घेऊन फिरायची, आबा या म्हणायचे. मग एका रविवारी फोन उचलला गेला नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात तिच्या मुलीचा निरोप आला. पायरीवरून पडून मावशीचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि मुलीनं तिला खालच्या शहरात, म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तिथे ठेवलं होतं. किल्ल्यांचं विचारलं तर मुलीला नीट माहीत नव्हतं. बहुतेक घरात खिळ्याला असतील, म्हणाली.

आबांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी तो व्हिडिओ टीव्हीला जोडून दिला. आता रविवारच्या दुपारी आई तो लावते आणि आबा समोर खुर्चीत बसतात. मावशी दारात थांबते, विचारते. आबा या म्हणतात. ती आत जाते. त्यांच्या लेखी ती आत्ताच गेलेली असते. मी घरी असले की त्यांच्याशेजारी बसते. व्हिडिओत मी कुठेच दिसत नाही, कारण कॅमेरा माझ्या हातात होता. फक्त दगडी फरशीवर माझे बूट वाजत राहतात, मावशीच्या पावलांच्या थोडे मागे.

मागच्या महिन्यात आबांनी टीव्हीवरून नजर न काढता माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बाईच्या मागनं कोन चालतंय?"

"मी आहे, आबा."

ते कान देऊन ऐकत राहिले. एक घर झालं, दुसरं झालं.

"न्हाई," ते हळूच म्हणाले. "ती येगळी हाय. तिला म्हनावं, आत यायचं तर ये, न्हाईतर दार लावून घे. वारं लय सुटलंय."

मी उठून आमचं दार लावलं. ते मुळात लावलेलंच होतं, पण मी कडी काढून पुन्हा घातली, त्यांना ऐकू जाईल अशी. मी परत शेजारी येऊन बसले, तेव्हा त्यांचा हात मांडीवर सैल पडला होता आणि ते पडद्याकडे बघत होते.